रोजच्या वापराचे घड्याळ

वाचकहो, माझा एक भाचा नुकताच शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला लागला. शेंद्रा म्हणजे छत्रपती संभाजीनगरहून जालना रस्त्याने निघाले, की चिकलठाणा मागे टाकल्यावर लागणारे गाव. मांगीरबाबांच्या यात्रेमुळे ते दूरवर ठाऊक आहे. दप्तरात त्याचे नाव शेंद्रा कमंगर. कमंगर हा शब्द फारसीतला. कमान, म्हणजे धनुष्य, करणारा तो कमंगर. हा शब्द एवढा ध्यानात ठेवा. घड्याळाच्या पोटात शिरल्यावर तो आपल्याला पुन्हा भेटणार आहे. या गावाच्या शिवारात २००१ साली स्कोडा मोटारींचा कारखाना सुरू झाला, त्याच्या मागेपुढे दुसरे आले, आणि पुढे शेंद्रा-बिडकीन मिळून ‘ऑरिक’ नावाची आखीव औद्योगिक नगरी उभी राहू लागली. जिथे ज्वारी-बाजरीचे दिवस सूर्यावर मोजले जात, तिथे आता पाळ्या घड्याळावर मोजतात.

पहिला पगार हाती आला तसा भाचा माझ्याकडे आला. म्हणाला, “मामा, घड्याळ घ्यायचंय. पातळ पाहिजे, दिसायला बरं पाहिजे, खिशाला परवडलं पाहिजे आणि रोज घालता आलं पाहिजे.”

मी म्हटलं, “अरे, खिशात फोन आहे की! त्यात सेकंदापर्यंत वेळ दिसते. वरून पुन्हा पातळ घड्याळ कशाला? मिरवायला?”

तो हसला, काही बोलला नाही. मला वाटले, पोराला नवा पगार सोसत नाही. हा माझा समज चुकीचा होता. कसा, ते शेवटी सांगतो. गुलमंडीकडे आमच्या जुन्या ओळखीचे एक घड्याळजी आहेत. सगळे गाव त्यांना चाचा म्हणते. त्यांच्याकडे आम्ही दोघे गेलो. भाचा काचेच्या पेटीवर वाकून घड्याळे पाहत होता आणि मी विचार करीत होतो, की या पोराने किती सहज चार मागण्या केल्या! पातळ, देखणे, स्वस्त आणि रोजच्या वापराचे. या चारही गोष्टी एका घड्याळात मागण्याचा हक्क साध्या माणसाला केव्हा मिळाला? त्यासाठी काय काय घडावे लागले? आज तुमच्याशी बोलायचे आहे ते याबद्दलच. इतिहास कळला म्हणजे दुकानात काय पाहावे, हेही आपोआप कळेल.

पूर्वी घड्याळ कुणाच्या घरचे नव्हतेच. ते गावाचे असे. पाण्याने भरलेल्या मोठ्या पात्रात तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी सोडायची. छिद्रातून पाणी चढत चढत वाटी बुडाली, की एक घटका झाली. घटका म्हणजे २४ मिनिटे. अशा ६० घटकांचे एक अहोरात्र. लग्नाचा मुहूर्त साधायला हेच घटिकापात्र मांडत. घटका भरली, की लोकांना कळावे म्हणून धातूच्या जाड थाळीवर टोला देत. त्या थाळीला तास म्हणत. थाळीचे नाव पुढे काळालाच चिकटले आणि साठ मिनिटांच्या मापाला आपण तास म्हणू लागलो. आपण रोज जो शब्द उच्चारतो, त्यात त्या टोल्याचा नाद आहे. पण लक्षात घ्या, टोला देणारा एक आणि ऐकणारे हजार. तो म्हणेल ती वेळ. आपली घटका आपण तपासून पाहावी, अशी सोय कुणापाशी नव्हती.

मग मनोऱ्यावरची घड्याळे आली. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर १८७८ साली पुरा झाला. प्रेमचंद रायचंद यांनी त्यासाठी पैसा दिला आणि आपल्या आईचे नाव त्याला ठेवले. त्या टॉवरचे टोले ऐकून शहर आपला दिवस लावू लागले. आमच्या भागात काळाची शिस्त आणली ती आगगाडीने. मनमाडहून औरंगाबादवरून सिकंदराबादला जाणारा मीटर गेजचा लोहमार्ग निजामाच्या राज्यात १९०० च्या सुमारास सुरू झाला. गाडी कुणासाठी थांबत नाही, हे शेतकऱ्याला पहिल्यांदा त्या फलाटावर समजले.

आता गाडीची वेळ आणि गावची वेळ एक असेल, असे तुम्हाला वाटेल. तसे नव्हते. १८७० पासून हिंदुस्थानातल्या आगगाड्या मद्रासच्या वेळेने धावत. मुंबई शहर मात्र आपल्या स्वतःच्या, सूर्याला धरून असलेल्या वेळेने चाले. दोहोंत सुमारे अर्ध्या तासाचे अंतर. १ जानेवारी १९०६ पासून साऱ्या देशासाठी एकच प्रमाणवेळ सरकारने ठरवली, ती ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे. मुंबईच्या वेळेपेक्षा ती ३९ मिनिटांनी पुढे होती. तुम्ही म्हणाल, काटा ३९ मिनिटे पुढे सरकवला तर बिघडले काय? गिरणी कामगाराला विचारा. काल सहाला सुरू होणारे काम आज उजाडण्याआधी सुरू होणार, भोंगा तेवढाच लवकर होणार आणि झोप तेवढीच कमी होणार. त्या जानेवारीत मुंबईच्या गिरण्यांमधले हजारो कामगार या बदलावर चिडून बाहेर पडले, दगडफेकही झाली. शहरातल्या सुशिक्षितांनीही सह्यांचे अर्ज केले. मुंबईच्या नगरपालिकेने तर आपली जुनी वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही. म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षे एकाच शहरात दोन वेळा नांदत होत्या. घड्याळाचा काटा कुणी कुठे लावायचा, हा प्रश्न दिसतो तेवढा साधा नसतो, हे यावरून समजावे.

याच्याही आधीची गोष्ट सांगतो. जोतीराव फुल्यांचे सहकारी आणि ‘दीनबंधू’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र आणले. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन झाले. त्यातल्या मागण्या वाचून पाहा. रविवारी सुट्टी असावी. दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे. पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा. रविवारची सुट्टी १८९० च्या १० जूनला पदरात पडली. या मागण्यांत साखळी घड्याळाचा उल्लेख नाही. पण घड्याळावाचून त्यांतली अर्ध्या तासाची मागणी राखता येत नाही. अर्धा तास म्हणजे किती? तो भरला, हे सांगणार कोण? घड्याळ असे साहेबाच्या खिशात, नाहीतर गिरणीच्या भिंतीवर. कामगाराला त्यावर विश्वास ठेवणे एवढेच शक्य होते.

पुढे कायद्याने एकेक तास मोजून कमी केला. कापड गिरण्यांतल्या पुरुषांसाठी १९११ च्या कायद्याने दिवसाला १२ तासांची मर्यादा घातली, १९२२ साली ती ११ वर आली, १९३४ साली बारमाही कारखान्यांना १० तास, आणि स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाना कायद्याने दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तास. पाच तास सलग कामानंतर निदान अर्धा तास विश्रांती, हेही त्या कायद्यात आले. लोखंड्यांनी मागितलेला अर्धा तास तो हाच.

आता खिशातल्या घड्याळाकडे वळू या. साहेबाच्या खिशातले ते घड्याळ जाड का असे, आणि पातळ घड्याळ महाग का, हे समजायला त्याचे पोट उघडून पाहिले पाहिजे. चाचांनी त्या दिवशी भाच्याला तेच दाखवले. भिंग डोळ्याला लावून त्यांनी एक जुने किल्लीचे घड्याळ उघडले. आत एका गोल डबीत पोलादाची लांब पट्टी गुंडाळून बसवलेली असते. तिला आपले घड्याळजी कमान म्हणतात. शेंद्र्याच्या कमंगराची कमान ती हीच. धनुष्याची ताकद वाकवलेल्या लाकडात, घड्याळाची ताकद गुंडाळलेल्या पोलादात. किल्ली दिली की कमान आवळते आणि उलगडताना चक्रांची माळ फिरवते. ती भर्रकन उलगडू नये म्हणून शेवटी एक तोलचक्र असते. केसासारख्या बारीक स्प्रिंगवर ते इकडून तिकडे झोके घेते आणि प्रत्येक झोक्याला चक्राचा एकच दात सुटू देते. साध्या घड्याळात हे तासाला १८,००० वेळा होते, म्हणजे सेकंदाला पाच टिकटिक. चक्रांच्या टोकांखाली झीज होऊ नये म्हणून कृत्रिम माणकाचे खडे बसवतात. तबकडीवर ‘१७ ज्वेल्स’ असे लिहिलेले असते ते याचसाठी. ते दागिन्याचे खडे नव्हेत.

हे सगळे एकावर एक रचले, की घड्याळ जाड होणारच. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसच्या लेपीन नावाच्या कारागिराने वरचा अखंड पत्रा काढून त्या जागी सुट्या पट्ट्या बसवल्या आणि घड्याळ पहिल्यांदा खऱ्या अर्थाने पातळ झाले. पण पातळ करायचे म्हणजे कमान अरुंद, चक्रे बारीक, दोन चक्रांमधली जागा केसाएवढी. धुळीचा कण गेला तरी काम थांबते, जरा धक्का बसला तरी टोक मोडते. असे घड्याळ करायला निष्णात हात लागतो आणि वापरायला बेताचे जीवन लागते. म्हणून पातळ घड्याळ हे श्रीमंताचे लक्षण ठरले. त्याला कुदळ मारायची नव्हती, गाडीच्या टपावर चढायचे नव्हते. गार्ड, ड्रायव्हर, पोस्टमास्तर यांच्या नशिबी जाडजूड घड्याळच आले आणि ते त्यांना उपयोगीही पडले. १९५७ साली पियाजे या स्विस कंपनीने फक्त २ मिलिमीटर जाडीचे किल्लीचे यंत्र केले तेव्हा जगाने तोंडात बोट घातले. ते साध्या माणसासाठी नव्हतेच.

मनगटावर घड्याळ बांधणे हा पुष्कळ दिवस बायकांचा दागिना समजला जाई. पुरुषांच्या मनगटावर ते आणले पहिल्या महायुद्धाने. खंदकात बसलेल्या शिपायाला कोटाच्या खिशातून साखळी ओढत बसायला सवड नव्हती. आपल्याकडे परदेशी घड्याळांचा व्यापार एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच मुंबईत स्थिरावला होता. फाव्हर-ल्युबा, वेस्ट एंड ही स्विस नावे गावोगाव पोचली, ती मुंबईच्या पेठेतून. तरीही घड्याळ म्हणजे पगारदाराची वस्तू. मास्तरांच्या मनगटावर ते दिसे आणि वर्गातली पोरे त्याच्याकडे बघत बसत. लग्नात जावयाच्या मागण्यांत घड्याळ, सायकल आणि अंगठी आली, ती यामुळेच. कितीतरी वधूपित्यांनी मुलीच्या लग्नातले ते एक घड्याळ फेडायला दोन-दोन सुगी घातल्या. ही रीत वाईटच. पण घड्याळ साध्या घराच्या किती आवाक्याबाहेर होते, हे तिच्यावरून दिसते.

स्वातंत्र्यानंतर परदेशी चलनाची चणचण होती, म्हणून आयातीवर बंधने आली. परिणाम काय झाला? घड्याळे यायची थांबली नाहीत. ती चोरवाटेने येऊ लागली. मुंबईच्या बंदरात पकडलेल्या मालाच्या बातम्यांत सोन्याबरोबर घड्याळे असायचीच. अशा वेळी हिंदुस्थान मशीन टूल्स या सरकारी कंपनीने जपानच्या सिटिझन कंपनीचे साह्य घेऊन १९६१ साली बंगळूरला घड्याळे करायला सुरुवात केली. पहिली घड्याळे पंडित नेहरूंच्या हस्ते बाहेर पडली. हेच आपले एचएमटी. त्यांतल्या एका घड्याळाचे नाव ‘जनता’ होते. त्या ‘जनता’च्या काही तबकड्यांवर आकडे देवनागरीत असत. ज्याला इंग्रजी अंक येत नव्हते, त्यालाही आपल्या मनगटावरची वेळ वाचता येऊ लागली. माझ्या मते या देशातल्या घड्याळाच्या इतिहासातली ही फार मोठी गोष्ट आहे.

त्याच कंपनीचे ‘सोना’ नावाचे घड्याळ होते. सोनेरी मुलाम्याचे, हाताने किल्ली द्यायचे आणि चांगलेच पातळ. भाच्याच्या चारही मागण्या पहिल्यांदा एका देशी घड्याळात उतरल्या असतील, तर त्या ‘सोना’त. निवृत्त होणाऱ्या कारकुनाला, परीक्षा पास झालेल्या मुलाला एचएमटी देण्याची चाल पडली. दाढी झाली की किल्ली द्यायची, हा कितीतरी घरांतला सकाळचा नेम होता. दिवसाला अर्धे-एक मिनिट ते मागेपुढे होई. आकाशवाणीच्या बातम्यांआधीचे टोले ऐकून माणसे काटा जुळवीत. घड्याळ आपले होते. त्याची चूक दुरुस्त करणेही आपल्याच हाती होते.

हा संसार मोडला तो गारेच्या एका तुकड्याने. गार, म्हणजे क्वार्ट्झ. २५ डिसेंबर १९६९ रोजी जपानच्या सेइको कंपनीने क्वार्ट्झचे पहिले मनगटी घड्याळ बाजारात आणले. गारेच्या तुकड्याला विजेचा हलका प्रवाह दिला, की तो ठरावीक गतीने थरथरतो. आजच्या साध्या घड्याळात ही थरथर सेकंदाला ३२,७६८ वेळा होते. हा आकडा विचित्र वाटेल, पण तो मुद्दाम निवडलेला आहे. त्याचा निम्मा, निम्म्याचा निम्मा, असे पंधरा वेळा केले, की बरोबर एक उरतो. तो एक सेकंद. कमान नाही, तोलचक्र नाही, चक्रे थोडीच. तासाला १८,००० झोके घेणारे महागडे यंत्र दिवसाला अर्धे मिनिट चुकत होते; हे स्वस्त यंत्र महिन्याला १५-२० सेकंदांच्या आसपास चुकते. शिवाय एकावर एक रचायचे काही नसल्यामुळे ते सहज पातळ होते. १९७९ साली स्विस कारागिरांनी सबंध घड्याळच २ मिलिमीटरच्या आत, १.९८ मिलिमीटरचे करून दाखवले.

आपल्याकडे ही लाट आणली टाटा आणि तामिळनाडू सरकारचे औद्योगिक महामंडळ यांनी मिळून १९८४ साली काढलेल्या टायटन कंपनीने. तिचा कारखाना होसूरला. तिचे पहिले प्रमुख झर्क्सीस देसाई. कपड्यांसारखी घड्याळे मांडलेली तिची झगझगीत दुकाने आली आणि ‘घड्याळ आयुष्यात एकदाच घ्यायचे’ ही समजूत उडाली. २००२ साली होसूरहून ‘एज’ हे घड्याळ आले. आतले यंत्र १.१५ मिलिमीटर, सबंध घड्याळ ३.५ मिलिमीटर. एकेकाळी सरदाराच्या खिशात असलेली नाजुकाई आपल्याच देशातल्या कामगारांनी केली आणि ती नोकरदाराच्या मनगटावर आली. इकडे एचएमटीचे दिवस भरत आले. तोटा वाढत गेला आणि जानेवारी २०१६ मध्ये तिची घड्याळ कंपनी बंद करण्याला केंद्र सरकारने मंजुरी दिली. ज्यांच्या घरी जुने एचएमटी आहे, त्यांनी ते जपावे.

आता दुकानात परत जाऊ या. पातळपणा कधीच फुकट मिळालेला नाही, हे इतिहासाने सांगितले. पूर्वी त्याची किंमत रोख मोजावी लागे. आज रोख किंमत उतरली आहे; पण दुसरीकडे कुठेतरी ती वसूल होतेच. कुठे, ते पाहून मग घड्याळ घ्या. चाचांनी भाच्याला जे सांगितले, ते माझ्या शब्दांत देतो.

पहिली गोष्ट, जाडी कागदावरची नको, हातावरची पाहा. ७ मिलिमीटरच्या आतले घड्याळ बाहीखाली सहज सरकते; त्याहून खाली गेलात तर दिसण्यात फरक पडतो, सोयीत फारसा नाही. तबकडी मनगटाच्या कडांबाहेर जाता कामा नये. ती बाहेर गेली, की पातळ घड्याळही थाळीसारखे दिसते आणि दाराच्या चौकटीला आपटते.

दुसरी गोष्ट पाण्याची. मागच्या झाकणावर ३० मीटर लिहिलेले असते, म्हणून ते घालून विहिरीत उडी मारू नका. तो आकडा प्रयोगशाळेतल्या दाबाचा असतो. व्यवहारात त्याचा अर्थ चार शिंतोडे सोसेल, एवढाच. रोज हातपाय धुणाऱ्याने, पावसात सायकलवर जाणाऱ्याने ५० मीटरचे घ्यावे. पातळ घड्याळात पाणी अडवणाऱ्या रबरी कडीला जागा कमी असते, हे विसरू नये.

तिसरी गोष्ट सेलची. पातळ घड्याळात सेलही पातळ आणि त्यामुळे लहान. तो बदलायला किती पडतात, तो गावात मिळतो का आणि झाकण उघडल्यावर पुन्हा नीट बसवून देणारा माणूस आहे का, हे घेण्यापूर्वीच विचारावे. सेल संपलेले घड्याळ महिनोन् महिने खणात पडून राहते, ते याच आळसाने.

चौथी गोष्ट काच आणि पट्टा. प्लॅस्टिकच्या काचेला ओरखडे पडतात, पण ती फुटत नाही. खनिज काच कमी ओरखडते, आपटली तर फुटते. नीलमणी काच सर्वांत टणक आणि सर्वांत महाग. पट्ट्याचे म्हणाल, तर आमच्या मराठवाड्याच्या उन्हाळ्यात कातड्याचा पट्टा घामाने लवकर कुजतो. पोलादी साखळी किंवा कापडी पट्टा बरा. कापडी तर धुताही येतो.

पाचवी गोष्ट कारखान्यात काम करणाऱ्यांसाठी. मोठ्या चुंबकाजवळ किल्लीचे घड्याळ पळू लागते, कारण त्याच्या बारीक स्प्रिंगची वेटोळी एकमेकांना चिकटतात. क्वार्ट्झचे काटे तेवढ्यापुरते थांबतात. आणि फिरत्या यंत्रापाशी कुठलेही घड्याळ हातात ठेवू नये. पट्टा अडकला तर हात जातो. तिथे ते काढून खिशात ठेवावे, यात कमीपणा नाही.

शेवटची गोष्ट, जुन्या एचएमटीच्या मोहात पडलात, तर तबकडी पाहून भुलू नका. जुन्या यंत्रावर नवी रंगवलेली तबकडी आणि भलतेच काटे चढवून विकणारे पुष्कळ आहेत. घड्याळजीकडून आतले यंत्र उघडून पाहावे. आणि घड्याळ नवे असो की जुने, पावती घ्यावी.

एवढे सगळे ऐकून भाच्याने एक घड्याळ उचलले. पांढरी तबकडी, मोठे काळे आकडे, सेकंदकाटा, ५० मीटर, पोलादी डबी. फार पातळ नव्हे, पण पातळच. शेजारीच त्याहून सडपातळ एक होते. त्यावर आकडे नव्हते, नुसत्या चार रेघा. मी म्हटलं, “अरे, तुला तर पातळ हवं होतं. हे घे की.”

तेव्हा तो म्हणाला, “मामा, पातळ पाहिजे ते हातमोज्याखाली मावायला. आम्ही माल बांधायच्या विभागात असतो. जाड घड्याळ मोज्यात अडकतं. आणि फोन कुठला? तो आत शिरताना गेटवर ठेवून घेतात.”

“मग वेळ कशी कळते?”

“ठेकेदाराच्या माणसाला विचारायचं. तो सांगेल ती वेळ. जादा काम किती झालं, तेही त्याच्याच वहीत. गेल्या महिन्यात मी मनात सोळा तास मोजले होते, वहीत अकराच निघाले. माझ्याजवळ सांगायला काही नव्हतं. आता आकडे दिसणारं घड्याळ असलं, की मी पण वही ठेवीन.”

चाचांनी मान वर केली आणि पुन्हा कामाला लागले. मी गप्प झालो. मी ज्याला मिरवणे समजलो होतो, ती लोखंड्यांच्या अर्ध्या तासाचीच मागणी होती. टोला देणारा एक आणि ऐकणारे हजार, ही रीत बोटावर मोजता येण्याएवढ्या पिढ्यांपूर्वी बदलली, असे मी तुम्हाला ऐटीत सांगत आलो; पण काही दारांच्या आत ती अजून चालू आहे.

म्हणून वाचकहो, घरातल्या मुलामुलीला पहिले घड्याळ घ्यायला जाल, तेव्हा ते देखणे जरूर पाहा, पातळही पाहा, किमतीची घासाघीसही करा. पण त्याआधी तबकडी हातभर अंतरावर धरा, दिवा मागे ठेवा आणि अंधूक उजेडात वेळ एका नजरेत वाचता येते का ते पाहा. आली, तर ते घड्याळ रोजच्या कामाचे.

आमच्या भाच्याने पैसे मोजले, पावती घडी करून पाकिटात ठेवली. चाचांनी साखळीचे दोन दुवे काढून ती मनगटाला बसती केली, काटा जुळवून दिला. दुकानातून बाहेर पडल्यावर समोरच्या वहीच्या दुकानाशी तो थांबला आणि दहा रुपयांची एक लहानशी वही त्याने विकत घेतली.

परवा तो घरी आला होता. या महिन्यात त्याचे जादा तास वहीत आहेत तेवढेच मिळाले का, असे मी विचारले. “एकदा दोन तासांचा फरक आला होता,” तो म्हणाला, “मी तारीख-वेळ वाचून दाखवली. त्यांनी खोडून बरोबर लिहिलं.”

एवढे सांगून तो उठला. दुसऱ्या पाळीची बस गाठायची होती. मनगट वळवून त्याने वेळ पाहिली आणि चप्पल पायात सरकवली.